दोनशे अकरानंतर दोनशे चौदा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. केनेल्म काउंटीत नावाजलेली नदी नाही आणि ऋषी तर औषधालाही सापडायचा नाही, त्यामुळे तिथली माणसं आपापली कुळं बिनदिक्कत उकरत बसतात. व्हर्जिनियाच्या त्या सखल मुलखात तीन पिकं हमखास येतात: भुईमूग, डुकरं आणि पूर्वज. पहिल्या दोहोंसाठी बाजाराला जावं लागतं, तिसऱ्यासाठी व्हर्लिंडा थार्पकडे.

व्हर्लिंडा चौऱ्याहत्तर वर्षांची. लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसली ती बसलीच. कोणाचा पूर्वज कोणत्या साली जहाजातून उतरला, कोणाला किती एकर मिळाली, कोणी मरताना बायकोसाठी फक्त एक पलंग आणि एक गाय ठेवली, हे सगळं तिला तोंडपाठ. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र विसरायची. गावात ‘पहिल्या वस्तीचे वंशज’ नावाचं मोठं मानाचं मंडळ होतं. त्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर वंशावळीवर व्हर्लिंडाची सही लागे, आणि सहीच्या बाबतीत ती सख्ख्या भावालाही सोडणारी नव्हती. एका बँक मॅनेजरला तिने चुकीच्या आजोबापायी नऊ वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

हा कडकपणा आईकडून आलेला, असं सगळे म्हणत. आई म्हणजे मिस आर्डेलिया; लग्न झालेल्या बाईलाही तिथे मानाने ‘मिस’च म्हणत. एकेकाळी त्याच कोर्टात ती नोंदींची कारकून होती. १९३८ साली तिने जुन्या पुस्तकांतलं एकेक मृत्युपत्र वाचून त्यांचा सारांश छापला. त्याला लोक ‘हिरवं पुस्तक’ म्हणत. मूळ पुस्तकांची पानं हात लावला की झडत, म्हणून ती कपाटात बंद, आणि सगळ्यांचं काम हिरव्या पुस्तकावर चाले. आईला जाऊन तेवीस वर्षं झाली होती. तरी काउंटीत पूर्वजांवरून वाद पेटला की कोणीतरी म्हणे, “मिस आर्डेलियांनी काय लिहिलंय ते बघा,” की वाद मिटला.

मंडळातल्या निम्म्या लोकांचा मूळपुरुष एकच, जोसायस थार्प, मृत्यू १७१९. व्हर्लिंडाचाही तोच. हिरव्या पुस्तकात त्याच्या मृत्युपत्राचा सारांश चार ओळींचा होता. मुलगा एलायस याला राहतं घर आणि मळा, बायको रिबेका हिने मरेपर्यंत त्याच घरात राहावं, साक्षीदार दोन. खाली बारीक टीप होती: ‘मूळ पुस्तकात पान २११ नंतर एकदम २१४ येतं. कारकुनाची आकड्यांतली चूक. मजकूर गहाळ नाही.’ असल्या चुका त्या काळचे कारकून उठता-बसता करत. तीन तीन पानं एका आकड्याची, मध्येच दहा आकडे गायब, हे या कामातल्या माणसाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्या टिपेवर कोणी थांबत नसे. व्हर्लिंडाने आईमागे पुस्तकाच्या दोन आवृत्त्या काढल्या आणि टीप दोन्ही वेळा जशीच्या तशी ठेवली. कपाटातलं मूळ पुस्तकही तिने दोनचारदा जपून उघडलं होतं. ते पान बोटांना जाड लागलं होतं, पण ओल लागलेलं जुनं पान जाड लागणारच, असं म्हणून तिने ते उलटलं होतं.

तिचा जीव गुंतला होता तो रिबेकाच्या माहेरात. रिबेका कोणाची मुलगी, हे कोडं तीन पिढ्यांत सुटलं नव्हतं. व्हर्लिंडाने लंडनला पत्रं धाडली, ब्रिस्टलच्या जहाजांच्या याद्या चाळल्या. कोणी रिबेकाला पाद्र्याची लेक ठरवलं, कोणी थेट सरदाराची. मंडळाच्या वार्षिक जेवणात हॅम बिस्किटं खाता खाता म्हाताऱ्या विचारत, “काय गं व्हर्लिंडा, लागलं का रिबेकाचं माहेर हाताला?” आणि ती पानातलं गार होईपर्यंत सांगत बसायची.

जानेवारीत तिच्या टेबलापाशी ओझेल विनफ्री आला. एकोणसत्तर वर्षांचा, उंच, काळा माणूस. जहाजांच्या कारखान्यात चाळीस वर्षं पत्रे जोडून निवृत्त झालेला, आपल्या चर्चचा डीकन. सायप्रस नाल्याकाठच्या जंगलात त्याच्या लोकांचं कबरस्तान होतं. कोरलेले दगड तिथे नव्हते. खचलेल्या मातीचे लांबट खळगे, त्यांवर पेरिविंकलची वेल, कुठे कुठे डोक्याशी एखादा शिंपला. ते जंगल आता एका सोलर कंपनीने घेतलं होतं. कबरस्तान असल्याचा कागद दाखवा, नाहीतर बुलडोझर फिरेल, असं कंपनीने सांगून टाकलं होतं.

“कागद माझ्याकडे नाही, मिस व्हर्लिंडा,” तो म्हणाला. “पण चतुःसीमा पाठ आहे.”

“कोणाच्या जमिनीची?”

“सेराच्या. आमची मूळ बाई ती. तिच्या बापाने तिला दिली. आजोबांनी शिकवलं तसं म्हणतो.” त्याने टोपी काढून हातात घेतली. “नाल्याच्या तोंडाशी पांढरा ओक. तिथून नाल्याने वर, दुबेळक्याच्या गमच्या झाडापर्यंत. गमपासून जळक्या पाइनपर्यंत. पाइनपासून आदिवासी इंडियन लोकांची पायवाट. वाटेने खाली दलदलीतले तीन सायप्रस. तिथून परत ओकाला.”

“हे सगळं लक्षात कसं राहिलं तुमच्या?”

“राहील नाही तर काय! ईस्टरच्या सोमवारी आमची सगळी पोरंबाळं त्या हद्दीने चालतात. दर कोपऱ्यावर सगळ्यात धाकट्याने झाडाचं नाव सांगायचं. चुकला, की सगळ्या वरातीने मागच्या कोपऱ्यापर्यंत परत जायचं. सहा वर्षांचा असताना मी गम विसरलो, तर आजी म्हणाली, ‘या गाढवापायी आज जेवण गार.’”

“ती झाडं आहेत अजून?”

“झाडं कुठली राहतात? नावं राहिलीत.”

व्हर्लिंडाला हसू आलं. माणूस तिला आवडला होता. पण आवडणं वेगळं आणि पुरावा वेगळा, हे तिने शाळेतल्या पोरांना पस्तीस वर्षं शिकवलेलं. त्या नाल्याकाठची जुनी जमीन थार्पांची, म्हणून तिने हिरवं पुस्तक काढून सूचीत ते आडनाव पाहिलं. थार्प, एलायस होता. थार्प, सेरा नव्हती.

“घरातल्या गोष्टी ऐकायला गोड असतात, मिस्टर विनफ्री,” ती म्हणाली. “पण त्यांना कागदाचा आधार लागतो.”

“तेच मागायला आलोय ना मी.”

मग तिने कंपनीच्या आणि त्याच्या, दोघांच्या मागणीवरून एक पत्र लिहून दिलं. १७११ ते १७२६ मधली मृत्युपत्रं तपासली, सेरा नावाच्या बाईला जमीन दिल्याची किंवा कबरस्तान राखल्याची अशी नोंद नाही. खाली सही. मार्चमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी काउंटीच्या बोर्डापुढे सुनावणी ठरली आणि कंपनीच्या वकिलाने ते पत्र आपल्या कागदांत सगळ्यात वर लावलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, कोर्टाच्या ऑफिसातून रोएनाचा फोन आला. रोएना स्प्रॅटली तिथली उपकारकून, चाळिशीतली, एरवी मोठी थट्टेखोर. राज्याच्या संग्रहालयाने हिवाळ्यात मृत्युपत्रांचं तिसरं पुस्तक दुरुस्तीसाठी नेलं होतं, ते परत आलं होतं.

“या जरा,” रोएना म्हणाली. “आणि गोळी घेऊन या, मिस व्हर्लिंडा. विसरू नका.”

पुस्तक टेबलावर होतं. एकेक पान धुऊन, पातळ कागदाने सांधून, नव्या चामड्यात बांधलेलं. सोबत दुरुस्ती करणाऱ्या बाईची चिठ्ठी होती. तिने लिहिलं होतं, पान २११ आणि २१४ हा एकच कागद नसून दोन कागद एकमेकांना चिकटवलेले होते. पाण्यात ठेवल्यावर सुटे झाले. आतली दोन्ही पानं स्वच्छ, शाई शाबूत. खळ गव्हाच्या पिठाची, तुरटी घातलेली. खळीत टंकलेखनाच्या कागदाची एक पट्टी अडकली होती, ती वेगळ्या पाकिटात पाठवत आहे.

“कारकुनाची चूक,” व्हर्लिंडा आपल्याशीच म्हणाली. सवयीने म्हणाली.

“बसून वाचा,” रोएनाने खुर्ची पुढे केली.

पान २१२. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. त्या कारकुनाचे लांब शेपटाचे ‘एस’ तिने आयुष्यभर वाचले होते, म्हणून कुठे अडायला झालं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं. माझी दोन मुलं, एलायस आणि सेरा, जी माझ्या घरी राहणारी, कोणाची गुलाम वा बांधील नसलेली, मिश्र रक्ताची बाई बेक हिच्या पोटी मला झाली, त्यांना मी माझी म्हणतो आणि माझे वारस करतो. मुलगी सेरा हिला सायप्रस नाल्यावरची दीडशे एकर. चतुःसीमा: नाल्याच्या तोंडाशी पांढरा ओक. तिथून नाल्याने वर दुबेळक्याच्या गमपर्यंत. तिथून जळक्या पाइनपर्यंत. तिथून आदिवासी इंडियन लोकांच्या वाटेने दलदलीतल्या तीन सायप्रसांपर्यंत. तिथून परत ओकाला.

टोपी हातात धरून उभा असलेला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. तीनशे वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि तिने त्याला गोड गोष्ट म्हणून परत पाठवलं होतं. पुढच्या पानावर अर्ध्या एकराची गोष्ट होती. जिथे बेकची आई आणि माझं एक लेकरू पुरलं आहे, ती जागा एलायस आणि सेरा यांच्या वंशजांसाठी कायमची राखावी. ती कोणी विकू नये, नांगरू नये. मग २१४ आलं, तिने अनेकदा पाहिलेलं: बेकने मरेपर्यंत याच घरात राहावं. बेक हे रिबेकाचं लाडाचं नाव आणि घरात राहणार ती बायकोच, असं आईने ठरवलं होतं आणि काउंटीने मानलं होतं. जिचं माहेर शोधायला व्हर्लिंडाने लंडन पालथं घातलं, तिची आई सहा मैलांवर नाल्याकाठी पुरलेली होती.

“पाणी देऊ?” रोएनाने विचारलं.

“ती पट्टी दाखव.”

पिवळा पडलेला कागदाचा तुकडा, बोटाएवढा. त्यावर तीन टंकलेली अक्षरं, ‘ई’चं पोट शाईने भरलेलं. आईच्या टंकयंत्राचा ‘ई’ असाच भरायचा. व्हर्लिंडाचे शाळेतले सगळे निबंध त्याच ‘ई’ने टंकलेले होते. तिने पाकीट उलटं ठेवलं, मग पुन्हा सुलटं केलं.

रोएना दार लोटून आली. “हे बघा, मिस व्हर्लिंडा. संग्रहालयाकडे फोटो आहेत, पण ते लोकांसमोर यायला वर्ष तरी जाईल. पुस्तक आज आलं काय नि बुधवारी आलं काय. उद्या तुम्ही बोलला नाहीत तर मीही बोलायची नाही.”

“आणि कबरस्तान?”

“मीही एलायसचीच आहे, आईकडून,” रोएना म्हणाली.

घरी येऊन व्हर्लिंडाने आईची सीडरची पेटी उघडली. हिरव्या पुस्तकाच्या कच्च्या वह्या आत होत्या. तिने त्या कधी वाचल्या नव्हत्या; छापील पुस्तक हाताशी असताना कच्चं कोण वाचतं! तिसऱ्या पुस्तकाच्या वहीत जोसायसचं मृत्युपत्र पेन्सिलीने अथपासून इतिपर्यंत उतरवलेलं होतं, बेक, सेरा, ओक, गम, सगळं. आईच्या त्या ठाम, सरळ अक्षरात. म्हणजे आईला वाचता आलं नाही, पान आधीच चिकटलेलं होतं, दुसऱ्याच कोणी चिकटवलं, या तिन्ही पळवाटा एका क्षणात बंद झाल्या.

वहीत एक पत्रही होतं, राजधानीहून आलेलं. आपल्या काउंटीतल्या ज्या गोऱ्या म्हणवणाऱ्या कुटुंबांत जुन्या नोंदींनुसार काळं रक्त आढळतं, त्यांची यादी पाठवावी. त्या काळी तसा कायदा होता. यादीत नाव गेलं की लग्न रद्द, पोरं शाळेबाहेर आणि नवराबायको दोघं तुरुंगात. व्हर्लिंडाचा थोरला भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. पत्राच्या पाठीमागे आईने टिपून ठेवलं होतं: ‘उत्तर पाठवलं. अशी नोंद नाही.’

व्हर्लिंडा जमिनीवरच बसून राहिली. आईने पोर वाचवलं, यात काही शंका नव्हती. आणि आईने पान चिकटवलं ते कायदा उठल्यावरही चिकटलेलंच ठेवलं, यातही नव्हती. कायदा उठला तेव्हा व्हर्लिंडा बावीस वर्षांची होती. त्यानंतर आई जवळजवळ तीस वर्षं जगली, रोज संध्याकाळी व्हरांड्यात लेकीसोबत चहा पीत होती, आणि रिबेकाच्या माहेराबद्दल ऐकून घेत होती. व्हर्लिंडाला आईचा राग आला, इतका की स्वतःचीच भीती वाटली. मग तिला आठवलं की जानेवारीतल्या पत्रात आपणही तेच तीन शब्द लिहिले आहेत.

मंगळवारी सकाळी ती विनफ्रीच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात गाडीचं चाक बदलत होता. तिने वहीतली नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, ओकापासून ओकापर्यंत. मग गाडीला टेकला.

“माझी आई आली होती तुमच्या आईकडे,” तो म्हणाला. “पन्नास साली. मी पोटात होतो. मागच्या दाराने यावं लागायचं तेव्हा. तुमच्या आईने पुस्तक स्वतः काढलं. बोट ठेवून दाखवलं, हे बघ, दोनशे अकरा. पान उलटलं. दोनशे चौदा. ‘तू सांगतेस तसलं इथे काही नाही,’ म्हणाली. आई मरेपर्यंत सांगायची, ‘बाईने मला प्रेमाने दाखवलं रे, टाळलं नाही.’”

ते जाड पान आईच्या बोटांखालून उलटताना व्हर्लिंडाला दिसत होतं.

“मिस्टर विनफ्री, मला क्षमा मागायची आहे. आणि सांगायचंही आहे, की तुम्ही माझे भाऊ लागता. नऊ पिढ्यांवरून.”

“ते मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“गम आणि पाइन पाठ झाले तेव्हापासून. ‘थार्प आपलेच,’ असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.”

“मग जानेवारीत का नाही बोललात?”

त्याने चष्मा पुसून खिशात ठेवला. “मला कबरी वाचवायच्या होत्या, मिस व्हर्लिंडा. नातं मागायला आलो नव्हतो.”

त्याने वाकून चाकाचे नट आवळायला घेतले.

संध्याकाळी बोर्डाची खोली भरलेली होती. एका बाजूला विनफ्रीच्या चर्चची माणसं, दुसऱ्या बाजूला मंडळाची. सोलर पॅनेलांमुळे हरणं भुईमुगात घुसतील की काय, हे विचारायला ती आलेली. अध्यक्ष लिटलटन बॉइस. पन्नाशीचा, गोरापान, तिचाच एकेकाळचा विद्यार्थी. कंपनीच्या वकिलाने व्हर्लिंडाचं पत्र वाचून दाखवलं. कायद्याने कबरींविषयी बोलायचा हक्क वंशजांना असतो, तो म्हणाला, आणि इथे ना कबरस्तान सिद्ध होतं ना वंशज.

“मिस व्हर्लिंडा, पत्र तुमचंच ना?” लिटलटनने विचारलं.

“सही माझी आहे. मजकूर खोटा आहे.”

ती उठली. वर्गापुढे उभं राहायची सवय कामाला आली. तिने २१२ आणि २१३ ही दोन्ही पानं सावकाश वाचली. खळीचं सांगितलं. खळ कोणी लावली तेही सांगितलं, आईचं नाव घेऊन. विनफ्रीच्या बाजूने कोणीतरी “हे येशू” म्हणालं, हलकेच.

वकील घाईने उभा राहिला. “सेरापासून मिस्टर विनफ्रींपर्यंतची प्रत्येक पिढी कागदावर आहे का?”

“नाही. मध्ये दोन पिढ्यांचे कागद मिळत नाहीत,” व्हर्लिंडा म्हणाली. “एलायसपासून खालची मात्र आहे, एकही पिढी न सुटता. मी स्वतः तपासून सही केलेली. पहिली वंशज मी. माझ्या मागच्या रांगेत मिसेस प्रायर, त्यांचे दोन्ही मुलगे, डॉक्टर हॉलोमन. दाराजवळ रोएना. आणि तू, लिटलटन. तुझ्या कागदावर मी दोन हजार आठ साली सही केली.”

तिला वाटलं होतं की गलका होईल, कोणी खोटारडी म्हणेल, कोणी रडेल. ती त्यासाठी अंग चोरून उभी होती. काहीच झालं नाही. मंडळाची माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसली. मिसेस प्रायरने पर्सची चेन लावली आणि पुन्हा उघडली. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

लिटलटनने मत घेतलं. अर्धा एकर, भोवतीची मोकळी पट्टी आणि तिथवर जायची वाट, एवढं वगळून कंपनीला परवानगी. पाचही हात वर गेले. विनफ्रीची बायको खुर्चीत वाकून हुंदके देऊ लागली, आणि तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मंडळाची बाजू पाच मिनिटांत रिकामी झाली.

बाहेर गाड्यांपाशी लिटलटन तिची वाट बघत थांबला होता. हातात किल्ल्या खुळखुळवत होता.

“आत नवल कोणाला वाटलं नाही,” ती म्हणाली. “का रे?”

“ठाऊक होतं, मिस व्हर्लिंडा. मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा आईने मला सांगितलं. तिसरं पुस्तक दुरुस्तीला जाऊ देऊ नकोस म्हणाली. दोनदा मी अडवलं. यंदा राज्याने परस्पर नेलं.”

“तुझ्या आईला कोणी सांगितलं?”

“तिच्या आईने. जुन्या घरांत असंच आहे. प्रत्येक घरात एकाला सांगून ठेवायचं.”

“आमच्या घरात कोणाला?”

तो किल्ल्यांकडे बघत राहिला. “तुमच्या भावाला. गेला तोपर्यंत त्याला ठाऊक होतं.”

“आणि मला?”

“तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही, असं मिस आर्डेलियांनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.” त्याने मान वर केली. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “म्हणाल्या होत्या, व्हर्लिंडाला कळलं तर ती छापेल. आणि कळलं नाही तर ती मनापासून सही करेल, आणि तिच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही.”

तो निघून गेला तरी व्हर्लिंडा जागची हलली नाही. थोड्या वेळाने विनफ्री बायकोला गाडीत बसवून तिच्याकडे आला. तिचा चेहरा पाहून त्याने तिला कोपराला धरलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

“आई मला पुरती ओळखून होती,” ती म्हणाली.